पहिला टाकला की तिसरा पडतो: जुन्या पद्मिनीच्या स्टिअरिंग कॉलमचं आणि हँडगिअरचं एक प्रकरण

गाडी १९९१ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, १०८९ सीसी, चार गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, म्हणजे हँडगिअर. नाशिकची, एकाच घरात राहिलेली, वर्षाला दोन-अडीच हजार किलोमीटर चालणारी. पासिंगचं नूतनीकरण जवळ आलं होतं. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, त्यामुळे पेठ रोडच्या आरटीओत नेण्याआधी गाडी धड करणं भाग होतं.

तक्रारी तीन. सिग्नलवर थांबून पुन्हा निघताना पहिला टाकला तर तिसरा पडायचा आणि गाडी झटके खात बंद व्हायची. कसारा घाट चढताना तिसरा आपोआप सुटायचा. आणि स्टिअरिंग ‘हातात लोळायचं’. शिवाय डावीकडे पूर्ण वळवलं की मधूनच हॉर्न वाजायचा. ते मालकांनी बोलता बोलता सांगितलं, त्यांच्या लेखी ती तक्रारच नव्हती.

आधी दाखवलेल्या ठिकाणी निकाल ठरलेला होता: गिअरबॉक्स उतरवायचा आणि स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांकडे पोचवणारा डबा) बदलायचा. या वयाच्या गाडीत दोन्ही बॉक्स झिजलेले असू शकतात, त्यामुळे असा अंदाज बांधणाऱ्याला वेड्यात काढता येत नाही. पण गिअरची आणि स्टिअरिंगची तक्रार एकाच सुमारास सुरू झाली असेल, तर या दोघांत सामाईक काय आहे हे आधी बघावं. हँडगिअरच्या गाडीत तो भाग म्हणजे कॉलम, स्टिअरिंगच्या चाकापासून खाली जाणारी नळी. स्टिअरिंगचा शाफ्ट त्याच नळीत फिरतो आणि गिअरचा शाफ्ट त्याच नळीच्या आधाराने उभा असतो. नळी हलली की दोन्ही हलतात.

हँडगिअर काम कसं करतो

दांड्याच्या दोन हालचाली असतात. एक ओळ बदलायची: दांडा स्टिअरिंगच्या चाकाकडे ओढला किंवा दूर ढकलला की गिअरचा शाफ्ट आपल्या अक्षावर थोडा सरकतो. पहिला-दुसरा एका ओळीत, तिसरा-चौथा दुसऱ्या ओळीत, रिव्हर्सची ओळ वेगळी. दुसरी हालचाल गिअर टाकायची: दांडा वर किंवा खाली केला की तोच शाफ्ट फिरतो. शाफ्टच्या खालच्या टोकाच्या आर्मवरून या हालचाली लिंक रॉडने गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपर्यंत पोचतात. दांडा मोकळा सोडला की स्प्रिंग त्याला तिसरा-चौथ्याच्या ओळीत आणून ठेवते.

पहिल्याऐवजी तिसरा का पडतो, याचं उत्तर इथेच आहे. हात दांडा ओढतो, पण ती हालचाल वाटेत कुठेतरी विरते. शाफ्ट ओळ बदलायला लागतो तेवढा सरकत नाही, स्प्रिंग त्याला तिसऱ्याच्या ओळीतच धरून ठेवते. मग दांडा पहिल्याच्या दिशेला नेला की त्याच बाजूचा तिसरा बसतो. गिअरबॉक्सचा यात काही दोष नाही, त्याला जे सांगितलं ते त्याने केलं.

झीज थोडीच असली तरी हाताला मोठी का लागते, तेही मोजून बघण्यासारखं आहे. या गाडीत शाफ्टच्या मध्यापासून दांड्याची मूठ साधारण २५० मिमी, खालचा आर्म ६० मिमी. म्हणजे खाली १ मिमी ढिलाई असेल तर मुठीपाशी ती ४ मिमी होते. लिंक रॉडच्या दोन टोकांना मिळून ५-६ मिमी खेळ असला की मुठीपाशी २०-२४ मिमी झालेच.

तपासणी

पहिल्या तासात एकही नट सोडला नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक वर, चारही चाकांना अडण, इंजिन बंद, पुढची चाकं सरळ.

स्टिअरिंगच्या ‘ढिलं’मध्ये दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक फिरण्यातला खेळ: चाक डावी-उजवीकडे फिरवूनही टायर जागचा हलत नाही, तेवढं अंतर. दुसरं डोलणं: चाक वर-खाली, पुढे-मागे ओढलं की अख्खा कॉलम हलतो. मालक दोन्हीला एकच शब्द वापरतात, तपासणाऱ्याने वापरू नये.

डॅशबोर्डवर मोजपट्टी चिकटवून चाकाच्या कडेला खडूची रेघ मारली. फिरण्यातला खेळ निघाला ५५ मिमी. चाकाचा व्यास ४० सेंटीमीटर धरला तर हे जवळपास १६ अंश झाले. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९८ प्रमाणे स्टिअरिंगचा बॅकलॅश, म्हणजे हाच फिरण्यातला खेळ, ३० अंशांपर्यंत चालतो, म्हणजे याच चाकाच्या कडेला तब्बल १०५ मिमी. कागदावर गाडी पास होती! पण एवढा खेळ घेऊन हायवेला ट्रकशेजारून जाणारा माणूस सतत चाक दुरुस्त करत बसतो. रोजच्या वापराला २५-३० मिमीच्या वर गेलं की कारण शोधावं. त्याच नियमात बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात असंही आहे. या गाडीला आरटीओत खरी अडचण तिथेच आली असती.

डोलणं मोजलं तर चाकाच्या कडेला १५ मिमी. डॅशखाली पडून बॅटरी मारली तेव्हा दिसलं की कॉलमची नळी तिच्या क्लॅम्पमध्येच वर-खाली होतेय.

गिअरच्या मुठीपाशी, न्यूट्रलमध्ये, वर-खाली ६० मिमी आणि ओढण्याच्या दिशेने २५ मिमी मोकळी हालचाल होती. आता एकाने कॉलमची नळी दोन्ही हातांनी क्लॅम्पपाशी घट्ट आवळून धरली आणि दुसऱ्याने पुन्हा मोजलं. ६० चे ४५ झाले, आणि ओढण्याच्या दिशेचे २५ चे ८. त्याच अवस्थेत पहिला टाकला, पहिलाच पडला. दहापैकी दहा वेळा. नळी सोडली की पुन्हा तिसरा.

प्रकरणाचा अर्धा उलगडा इथेच झाला. दांडा ओढल्यावर शाफ्ट नळीत सरकायच्या ऐवजी नळीच शाफ्टसकट सरकत होती.

राहिलेल्या अर्ध्यासाठी गाडीखाली जावं लागलं. जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणी जाऊ नये, घोड्या (लोखंडी स्टँड) लावूनच जावं. लिंक रॉड गिअरबॉक्सकडच्या टोकाला सोडवले आणि गिअरबॉक्सवरची लिव्हर थेट हाताने हलवून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. गिअर बसत नसेल तर मागचं चाक किंचित फिरवायचं, दात जुळले की बसतो. प्रत्येक गिअर ‘टक’ करून बसला आणि सोडवताना तेवढाच जोर लागला. याचा अर्थ आतले फोर्क (गिअर सरकवणारे काटे) आणि डिटेंटच्या, म्हणजे गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या, गोळ्या-स्प्रिंगा ठीक आहेत. एखादा गिअर लोण्यात सुरी गेल्यासारखा बसला असता किंवा बसलाच नसता, तर बॉक्स उतरवण्याचा सल्ला बरोबर ठरला असता. हँडगिअरच्या कुठल्याही तक्रारीत ही दहा मिनिटांची चाचणी न करता गिअरबॉक्सला हात लावू नये.

क्लचवरचा संशयही दूर केला. इंजिन आयडलला, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबायचं आणि मग हळूच रिव्हर्स टाकायचा. रिव्हर्सला सिंक्रो (गिअर बसताना वेग जुळवून घेणारी कडी) नसतो, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नसेल तर करकर ऐकू येतेच. इथे आवाज आला नाही.

घाटात तिसरा सुटण्याचं कारण मात्र कॉलममध्ये नव्हतं. बॉनेट उघडं, ब्रेक पूर्ण दाबलेला, पहिला गिअर, क्लच अगदी थोडा सोडायचा आणि इंजिन किती उचलतं ते बाजूला उभं राहून बघायचं (पुढे कुणीही उभं राहू नये). इंजिन एका बाजूने जवळजवळ २५ मिमी उचलत होतं. फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्या आधारावर बसतं त्याचं, रबर धातूपासून सुटलेलं होतं. कॉलम बॉडीला बांधलेला, गिअरबॉक्स इंजिनसकट रबरावर बसलेला, आणि दोघांना जोडणारा रॉड ठराविक लांबीचा. चढावर जोर आला, इंजिन डोललं, की रॉड स्वतःच गिअर ओढून काढतो. सपाट रस्त्यावर एवढा जोर येत नाही म्हणून गावात ही तक्रार कधी दिसली नाही.

उघडल्यावर काय निघालं

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढली, कारण हॉर्नची वायर कॉलममधूनच वर येते.

स्टिअरिंग व्हील काढताना शाफ्टवर आणि चाकाच्या बॉसवर पंचची एकेक खूण करून घ्यावी, नाहीतर सरळ चाकांना स्टिअरिंग वाकडं बसतं. नट सैल करायचा, पण तीन-चार आटे लागलेलेच ठेवायचे. चाक अचानक सुटलं तर तोंडावर येतं. पुलर वापरायचा. शाफ्टच्या टोकावर हातोडी मारण्याची सवय वाईट आहे. या रचनेत शाफ्ट थेट खाली वर्मपर्यंत (स्टिअरिंग बॉक्समधल्या आटेदार दांड्यापर्यंत) जातो आणि प्रत्येक घाव बॉक्समधल्या बेअरिंगवर बसतो.

क्लॅम्प उघडल्यावर आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा निघाला, चार पदरी घडी घातलेला, ग्रीसने काळा आणि चिकट. मूळ रबरी पॅकिंग कधीतरी गळून गेलं आणि कुणीतरी वेळ मारून नेली. ट्यूबचं रबर पातळ आणि लवचिक, ते दाबलं जातं, सरकतं, आणि तेल-ग्रीस लागलं की फुगून मऊ होतं. क्लॅम्पच्या दोन बोल्टांपैकी एक ८ मिमीचा होता, दुसऱ्या भोकात ६ मिमीचा घालून मोठा वॉशर लावला होता. ते भोक आता लांबट झालेलं, आणि ब्रॅकेटला भोकापासून वेल्डपर्यंत केसाएवढी भेग.

खाली लिंक रॉडच्या एका टोकाला बुशऐवजी (पिन किंवा शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) चपलेच्या रबराचा गोल कापून घातलेला होता. दुसऱ्या टोकाला स्प्लिट पिनच्या जागी खिळा वाकवलेला. खिळ्याने पिन सुटत नाही हे खरं, पण तो भोकात सैल बसतो आणि दर गिअरला पिन चावत राहतो. ८ मिमीची पिन झिजून ७.२ मिमी झाली होती. गिअर शाफ्टच्या खालच्या आधाराचा बुश जवळजवळ नव्हताच, आणि त्याच्यासोबतचा लहरी वॉशर गायब. शाफ्टला अक्षावर हलका ताण देऊन ठेवायचं त्याचं काम. तो नसला की शाफ्ट वर-खाली खडखडतो.

हॉर्नचं कोडंही सुटलं. कॉलमच्या वरच्या बुशमध्ये शाफ्ट २ मिमी डोलत होता. डावीकडे पूर्ण वळवताना तो एका बाजूला टेकायचा, हॉर्नच्या वायरचं आवरण नळीच्या कडेवर घासून तांबं उघडं पडलं होतं आणि ते नळीला लागलं की हॉर्न. अशी वायर नुसती टेप गुंडाळून सोडू नये. तुकडा बदलून त्यावर स्लीव्ह चढवली.

दुरुस्ती

ब्रॅकेट गाडीतून काढून वेल्ड केलं. भेगेच्या टोकाला आधी ३ मिमीचं भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही, मग वेल्ड. लांबट भोक भरून पुन्हा ८ मिमीचं ड्रिल केलं. बोल्ट दोन्ही ८ मिमी, ८.८ ग्रेडचे, नायलॉक नटसकट. कोरड्या आट्यांना अशा बोल्टला २२ ते २५ न्यूटन-मीटर ताण पुरतो. मात्र पातळ नळी आवळणाऱ्या क्लॅम्पला तेवढाही आंधळेपणाने देऊ नये. थोडं आवळायचं, स्टिअरिंग फिरवून बघायचं, गिअरचा दांडा हलवून बघायचा, मग पुढे. नळी चेपली तर आतला शाफ्ट घासतो आणि वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही. पॅकिंग ३ मिमी जाडीच्या, कापड घातलेल्या रबरी शीटचं कापलं.

सुट्या भागांसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड धुंडाळावा लागेल असं पद्मिनीवाल्यांना वाटतं. शीटमेटल, लाइट, दरवाजाच्या मुठी यांसाठी ते खरंही आहे. बुशांसाठी मात्र नाशिकच्या माणसाने गाव सोडायची गरज नाही. सातपूर आणि अंबडच्या वसाहतींत जॉबवर्क करणाऱ्या लेथ पावलोपावली आहेत. टर्नरकडे जुना बुश नेऊन ‘असाच करून द्या’ म्हटलं तर तो झिजलेल्या मापाचाच करून देईल, म्हणून नेताना पिन आणि ज्या भोकात बुश बसतो तो भाग न्यावा.

काय कशाचं करायचं याबद्दल थोडं. कॉलमचा वरचा बुश आणि लिंक रॉडच्या टोकांचे बुश डेलरिनचे (एक कडक प्लास्टिक) केले. साधा नायलॉन स्वस्त आणि सहज मिळणारा, पण तो हवेतला ओलावा शोषून फुगतो. उन्हाळ्यात अचूक बसवलेला नायलॉनचा बुश पावसाळ्यात शाफ्ट धरतो आणि मग स्टिअरिंग जड का झालं याचा शोध सुरू होतो. डेलरिन ओलावा फार कमी घेतं. शाफ्ट आणि बुशमध्ये ०.१ ते ०.१५ मिमी मोकळीक ठेवली. गिअर शाफ्टच्या खालच्या आधाराला, जिथे इंजिनची धग लागते, तिथे फॉस्फर ब्राँझ घेतलं आणि ग्रीससाठी आत एक खाच पाडून घेतली. पिना सगळ्या नव्या, ८ मिमी. झिजलेल्या पिनेवर नवा बुश चढवणं म्हणजे पैसे पाण्यात, महिन्याभरात तो लंबगोल होतो. आर्मची लांबट भोकंही भरून, ड्रिल करून, रीमरने ८ मिमीला आणली.

इंजिन फाउंडेशन दोन्ही बाजूंचं एकदम बदललं. एकच बदललं तर इंजिन नव्या बाजूला उंच बसतं आणि लिंकची लांबी पुन्हा चुकते. क्रम महत्त्वाचा: आधी फाउंडेशन, मग क्लॅम्प, मग बुश, आणि लिंकची लांबी सगळ्यात शेवटी. उलट केलं तर तेच काम दोनदा.

लिंक जुळवताना गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये, दांडा न्यूट्रलमध्ये. रॉडचं टोक पिनेवर जोर न लावता, आपसूक बसलं पाहिजे. ओढून-ताणून बसवावं लागलं तर रॉड लांब किंवा आखूड आहे. ८ मिमीच्या आट्याला पिच १.२५, म्हणजे अर्धा फेरा फिरवला की लांबी ०.६ मिमी बदलते आणि मुठीपाशी सुमारे अडीच मिमी. त्यामुळे अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानेच जावं. शेवटची परीक्षा अशी: प्रत्येक गिअर बसल्यावर दांडा अजून थोडा पुढे जायला हवा, त्याच्या स्वतःच्या अडणीवर थांबायला नको. दांडा अडणीवर टेकला असेल तर आत गिअर पूर्ण बसलेला नसतो आणि रस्त्यावर सुटतो.

स्टिअरिंगचं उरलेलं

कॉलम घट्ट झाल्यावर डोलणं गेलं, पण फिरण्यातला खेळ जवळपास तसाच होता. साहजिक आहे, तो खालचा. एकाने चाक थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली प्रत्येक जोडावर बोट ठेवून बघायचं. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी थांबते तो दोषी. इथे आयडलर आर्म (स्टिअरिंग बॉक्सच्या विरुद्ध बाजूला लिंकेजला आधार देणारा आर्म) वर-खाली लचकत होता आणि एका टायरॉड एंडचं (चाक वळवणाऱ्या रॉडच्या टोकाच्या जोडाचं) रबर फाटून आत माती गेली होती. आयडलरचे बुश आणि तो टायरॉड एंड बदलल्यावर ५५ मिमीचे ३० झाले.

उरलेले ३० स्टिअरिंग बॉक्सचे. त्यात पुन्हा कुणाची तरी कृपा: तेलाऐवजी ग्रीस भरलेलं. वर्म फिरतो तेव्हा ग्रीस बाजूला लोटलं जातं आणि परत येत नाही, दात कोरडेच घासतात. होतं तेवढं ग्रीस काढून ९० नंबरचं गिअर ऑइल भरलं.

ॲडजस्टिंग स्क्रूला हात लावायचा तो चाकं अगदी सरळ असतानाच, पुढची बाजू उचललेली आणि बॉक्सच्या आर्मपासून लिंक सोडवलेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजायचे, निम्म्यावर यायचं, तो मध्य. झीज मध्यावरच सगळ्यात जास्त असते कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मध्यावरचा खेळ शून्य करायला गेलं की न झिजलेल्या कडांना दात आवळतात आणि वळणावर स्टिअरिंग अडकतं. म्हणून एक अष्टमांश फेरा, लॉकनट, पुन्हा टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघायचं. या गाडीत एका अष्टमांशावर थांबलो आणि खेळ २२ मिमीवर आला. अजून कमी करता आला असता, केला नाही. शेवटी व्हील अलाइनमेंट.

रस्त्यावर

आधी वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यावर: थांबून पहिला, वीस वेळा. मग त्र्यंबक रोडने त्र्यंबकेश्वरपर्यंत, सुमारे २८ किलोमीटर, गतिरोधकांवर कॉलमचा आवाज ऐकत. तिसऱ्या दिवशी मालक स्वतः कसाऱ्याला खाली उतरून परत चढले. तिसऱ्यात भार देऊन, मध्येच पाय काढून, पुन्हा देऊन. सुटला नाही. मुठीपाशी वर-खाली खेळ आता १२ मिमी, ओढण्याच्या दिशेने ४.

मालकांची एक सवय मात्र राहिली होती. वर्षभर ते पहिला टाकताना उजव्या हाताने कॉलम धरत असत, आणि आताही हात तिकडे जात होता.

३०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा पाहिली. क्लॅम्पचं नवं रबर बसून एका नटाला पाव फेरा मिळाला, लिंक जशीच्या तशी होती. स्टिअरिंग बॉक्सच्या खालच्या सीलमधून तेलाचा ओलसरपणा आहे. थेंब पडत नाही, म्हणून सील आत्ता बदललेलं नाही. दर दोन महिन्यांनी तेलाची पातळी बघायची आणि थेंब पडू लागला की बॉक्स उतरवायचा, असं ठरलं आहे.